कातड्याचा भाव आणि जमिनीचा हक्क



मागच्या महिन्यात तालुक्याला बैठक झाली. एक साहेब आम्हाला म्हणाले, "प्लॉटचं काय धरून बसलात? डिंकाला, मोहाला चांगला भाव बांधून देतो. जंगलाचा माल विका आन् सुखानं राहा." खोटं कशाला बोला, आमच्यातल्याही काहींना हे बरं वाटलं. म्हणून या अंकात दूरच्या कॅनडा देशातली हकिकत देतो. तिथले आदिवासी जंगलाचा माल विकूनच जगत आले, तीनशे वर्षं.

तिथं हिवाळ्यात नद्या गोठतात. क्री आदिवासी सापळे लावून बीव्हर, मिंक अशी केसाळ जनावरं धरतात. बीव्हर म्हणजे दातानं झाड पाडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी. (बांधासाठी त्याला गार्डाला कोंबडी द्यावी लागत नाही!) मांस घरात खायचं, कातडं विकायचं. हाच फरचा धंदा.

१६७० साली इंग्लंडच्या राजानं हडसन बे कंपनीला सनद दिली. हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख कंपनीचा! राजानं तो कधी पाहिला नव्हता, आणि राहणाऱ्यांना विचारलं नव्हतं. कंपनीनं ठाणी मांडली. बीव्हरचं एक चांगलं कातडं हेच तिथलं नाणं. बंदुकीला इतकी कातडी, घोंगडीला इतकी. आपल्या मालाचा भाव कंपनी लावणार, कातड्याचाही तीच. फ्रेंच व्यापारी शेजारी आला की भाव जरा चढायचा. १८२१ साली सगळ्यात मोठी स्पर्धक कंपनी हडसन बेमध्येच मिसळली, मग विचारायलाच नको. थंडीच्या आधी दारूगोळा, कपडा उधार न्यायचा आणि उन्हाळ्याला कातडी घालून फेडायचं. ओळखीचं वाटतं ना? आपण पावसाळ्यात खावटी उचलतो आणि सुगीला भात सावकाराच्या कणगीत जातं, तेच हे.

आणि भाव कशावर? युरोपातले साहेबलोक बीव्हरच्या केसांच्या टोप्या घालत होते तोवर मागणी होती. मग रेशमी टोपीची फॅशन आली, बीव्हर पडला. सापळेवाल्याचं काय चुकलं होतं? काही नाही. लिलाव लंडनला, फॅशन पॅरिसला, आणि उपास त्याच्या घरात.

दुसरं ऐका. १९८३ साली युरोपच्या देशांनी सीलच्या पिल्लांची कातडी घेणं बंद केलं. जहाजं भरून पिल्लं मारणाऱ्यांवर लोकांचा राग होता, आणि तो आम्हाला समजतो. पण उत्तरेचे इन्युइट आदिवासी खाण्यासाठी मोठे सील मारतात. कायद्यात त्यांना सूटही होती. पण बाजार काय कायदा वाचतो? सगळ्याच सीलच्या कातड्याचा भाव कोसळला. शिकारीला जायला बंदुकीच्या गोळ्या, बर्फावरच्या गाडीचं पेट्रोल घ्यायचं, तर त्यालाही पैसा उरला नाही.

आता जमिनीचं. कंपनीनं तो सगळा मुलूख कॅनडा सरकारला दिला. १८७० साली व्यवहार पुरा झाला. कंपनीला मिळाले ३ लाख पौंड, वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा. दोनशे वर्षं कातडी आणून देणाऱ्याला त्यातला एक पौंडही नाही. भावाची बोली त्याच्याशी, जमिनीची बोली दुसऱ्याशीच!

पुढं १९७१ साली क्वेबेकच्या सरकारनं क्री लोकांच्या नद्यांवर वीजधरणं जाहीर केली. त्यांना आधी विचारलंच नाही. ते कोर्टात गेले. १९७३ साली कोर्टानं काम थांबवलं, आठवड्याभरात वरच्या कोर्टानं ते परत सुरू केलं! तरी त्या झगड्यामुळं सरकारला बोलणीला बसावं लागलं. १९७५ साली करार झाला. त्यात एक कलम असं की जो क्री जंगलात शिकारीवर राहील, त्याला तिथं काढलेल्या दिवसांच्या हिशेबानं पैसे. कातड्याचा भाव पडो नाहीतर चढो.

हा पुरा विजय आम्ही मानत नाही. धरणं झाली, बऱ्याच मुलुखावरचा हक्क सोडावा लागला, धरणाच्या तळ्यांतल्या माशांत पारा सापडला. पण जे मिळालं ते कोणा व्यापाऱ्यानं भाव वाढवला म्हणून नाही. जमीन आमची, असं ते म्हणाले म्हणून मिळालं.

मोहाचा भाव पडला तर मोह घरात खाता येतो. फॉरेस्टवाल्यानं झाडाखाली येऊच दिलं नाही, तर भाव शंभर रुपये असला काय नि हजार असला काय?

म्हणून साहेबांना आम्ही विचारलंय: भाव बांधून देता, तो किती वर्षं? पडला तर प्लॉट परत द्याल? तसा कागद करून द्याल? अजून उत्तर नाही.

येत्या अमावस्येच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं एकसालीचे कागद आणि फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या आणायच्या आहेत. कोणत्या साली कोणती जमीन कसत होतो, ते त्या पावत्यांवरच लिहिलंय. उंदरांनी कुरतडलेल्या असल्या तरी आणा.