बेडकांची तारीख

पाऊस सुरू झाला की आपले प्लॅन ठरलेले असतात. लोणावळा, भुशी डॅम, कांदाभजी आणि परतताना तीन तासांचा ट्रॅफिक जॅम. मी त्याच दिवसांत उलट्या दिशेने पळतो. रात्रीची ट्रेन, पहाटे भुसावळ, तिथून तापी ओलांडून फैजपूर. ऑफिसात सांगतो, घरी काम आहे. खरं तर मी बेडूक बघायला जातो.

हसू नका. आपल्यापैकी अनेकांनी बेडूक शेवटचा निरखून पाहिला तो बारावीच्या ट्रेमध्ये, पोट उघडलेला. जिवंत आणि तोही फुल मूडमधला बेडूक बघायचा तर टायमिंग लागतं. ‘पावसाळ्यात कधीही जा’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपला सगळ्यात मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. एरवी हिरवट-मातकट, शेजारून गेलात तरी दिसणार नाही. पण पहिला दणदणीत पाऊस पडला, शेतात पाणी साचलं, की त्याचे नर हळदीसारखे पिवळेजर्द होतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे. मग डराव डराव अशी की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. हा शो दोन-चार दिवसांचा. मग रंग उतरतो आणि साहेब पुन्हा मातकट.

खानदेशात तो पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. कधी मृगात, कधी आर्द्रापर्यंत ताटकळवतो. आमच्याकडे अजून पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात. वाहन बेडूक निघालं की चांगला पाऊस, मंडळी खूश. मी मात्र घरच्या फोनवर विसंबतो. ‘पाणी साचलं’ असं आई म्हणाली की तिकीट.

ते दिवस हुकले तरी जुलै आहेच. तेव्हा नखाएवढे चिमुकले बेडूक गवतात बसून आकाराला न शोभणारा आवाज काढतात. जमिनीखाली दडणारे बेडूकही पहिल्या पावसापासूनच वर आलेले असतात. त्यांच्या मागच्या पायांना फावड्यासारखा उंचवटा असतो, त्याने ते उलटे, पाठीमागे खणत आत जातात. सप्टेंबर संपेपर्यंत पिल्लं टुणटुणत बाहेर. हिवाळा-उन्हाळ्यात फारसं काही नाही. विहिरीच्या पाण्यावर सपासप उड्या मारत पळणारे बारमाही बेडूक आणि रांजणाखाली गारव्याला बसलेला भेक, म्हणजे टोड, एवढंच. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, तेही डिसेंबरात. एवढी मोठमोठी माणसं आली आणि आमचे बेडूक न बघताच गेली!

जाणार असाल तर अंधार पडल्यावर तासाभरात निघा. टॉर्च आणि बूट हवेतच, कारण बेडकांमागे सापही येतात. बेडूक उचलू नका. त्यांची कातडी पाणी शोषते, तुमच्या हाताचं मच्छर-क्रीमसुद्धा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे केळी वर्षभर हिरवीगार, पण ठिबकवर. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जातं. यावल-रावेरकडे भूजल इतकं खाली गेलंय की ठिबक हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने डबकं होत नाही आणि बेडकाला डबकं लागतं. तेही महिनाभराहून जास्त टिकणारं, कारण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय फुटून बाहेर पडायला तेवढा वेळ जातो. मध्ये पावसाने दडी मारली, डबकं आटलं, की अख्खी बॅच खलास.

आमच्या घरामागे असा एक खोलगट तुकडा आहे. मी बघितलेले सगळे पिवळे बेडूक तिथलेच. यंदा तिथे प्लॉट पाडायचे ठरलंय आणि काकांनी जूनअखेरीला मुरमाचे ट्रॅक्टर सांगितले होते. म्हणजे अंडी घातली, पिल्लं निघाली, की वरून मुरूम. मी फोन केला. म्हटलं, काका, भराव टाका, पण पोळ्यानंतर टाका.

‘‘का रे भो, आता बेडकाले इचारून मुरूम टाकू का?’’

मी बेडकांचं काही बोललोच नाही. म्हटलं, भर पावसात टाकलेला मुरूम बसतो कुठे, चिखलात ट्रॅक्टर रुतेल, डबल खर्च. हे त्यांना पटलं. भराव पोळ्यानंतर.

पुढच्या जूनमध्ये पाणी कुठे साचेल, हे बघायला मी यंदा दोन दिवस जास्त काढतोय. पलीकडे एका शेजाऱ्यांची पडीक जमीन आहे, जरा सखल वाटते. त्यांना त्याचं काय करायचंय, ते अजून विचारलेलं नाही.