क्लाइडकाठच्या गप्पा : वाचता येतं, पण ऐकू येत नाही!



यंदाच्या अंकासाठी कशावर लिहावं याचा विचार करत बसलो होतो, तेव्हा आमच्या सौ. चहाचा कप पुढे ठेवत म्हणाल्या, "दर वेळी लोकांच्या फजित्या लिहिता. एकदा स्वतःची लिहा की!" त्यांच्या मनात कोणती फजिती आहे हे आम्ही लगेच ओळखलं. घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, हा प्रश्न होता. पण बहीण आणि भाची, दोघींनीही परवानगी दिली आहे. शिवाय आपल्या मंडळात दर वर्षी नवी कुटुंबं येतात. त्यांना उपयोग होईल, म्हणून सांगतो.

सुरुवात आमच्यापासूनच करू. आम्ही १९९१ साली ग्लासगोला आलो तेव्हा आमच्या इंग्रजीबद्दल आम्हांला जबर आत्मविश्वास होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजोबांनी घोटून घेतलेली, व्याकरण पाठ, एसएससीला इंग्रजीत शाळेत पहिले. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये चढलो, ड्रायव्हरला "पॉलोकशील्ड्स" म्हणालो. तो काहीतरी लांबलचक बोलला. आम्ही "येस, येस" म्हणून पैसे टाकले आणि तासाभरानं ईस्टरहाऊसला उतरलो. ग्लासगो ज्यांना ठाऊक आहे ते हसलेच असतील. 'ही बस तिकडे जात नाही' असंच तो माणूस बिचारा सांगत असावा! ज्या भाषेत आमचे पैकीच्या पैकी मार्क, ती भाषा त्या दिवशी आमच्या कानांना अगदी परकी निघाली.

एवढा अनुभव गाठीशी असताना आम्ही शहाणे व्हायला हवं होतं. झालो नाही. तीच तर गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी आमची धाकटी बहीण मिरजेहून नर्सच्या नोकरीवर इकडे आली. मेहुणे आणि पंधरा वर्षांची भाची बरोबर. भाची पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि वाचनाचं वेड असलेली. ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू झाली, तिला एस-फोरमध्ये म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षात घातलं. तीन आठवड्यांत शाळेचं पत्र आलं : मुलीच्या इंग्रजी ऐकण्याची आणि वाचण्याची चाचणी घ्यायची आहे, गरज वाटल्यास 'ईएएल'च्या म्हणजे 'इंग्रजी ही जादा भाषा' असलेल्या मुलांच्या शिक्षिकेची मदत देता येईल.

बहिणीचा रडवेला फोन. "दादा, दहा वर्षं फिया भरल्या त्या कशासाठी? आणि ऐकण्याची चाचणी म्हणजे काय रे? पोरगी शाळेत सगळं ऐकते!"

आमचं रक्त उसळलं. आम्ही म्हणालो, "सही करू नकोस. आपल्या मुलांना ढ समजतात हे लोक. पत्र मी लिहितो." आणि लिहिलं. काय पत्र होतं म्हणून सांगू! सगळे शिष्टाचार सांभाळून, अलंकारिक, दोन पानी. मुलीचे इंग्रजीतले मार्क कळवले, तिनं वाचलेल्या पुस्तकांची यादी जोडली, आणि चाचणीची आवश्यकता नाही असं नम्रपणे ठणकावलं. शाळेनं घाई केली नाही. आम्हांला वाटलं, जिंकलो.

ऑक्टोबरच्या शेवटी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी काहीतरी सांगितलं आणि विचारलं, "ऑल राइट?" भाचीनं मान हलवली, "येस." दिवा पेटवण्याआधी शेजारची बाटली हलवायला सांगितलं होतं. ती तिनं हलवली नाही. शेजारच्या मुलानं ओढून बाजूला घेतली म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी शाळेतून फोन आला, आणि या वेळी दोन पानी पत्र लिहिण्याची आमची हिंमत झाली नाही.

चाचणी झाली आणि निकाल सांगायला शाळेनं सगळ्यांना बोलावलं. वडीलधारे म्हणून आम्हीही गेलो. ईएएलच्या शिक्षिका मूळच्या इथल्याच, पन्नाशीच्या, शांत. त्यांनी दोन कागद पुढे ठेवले.

पहिला वाचनाचा. उतारे अवघड होते, तरी जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर. एक चुकलं होतं ते मजेशीर. उताऱ्यात मुलं 'क्लोज'मध्ये खेळत होती. भाचीनं अर्थ लावला, जवळ जवळ खेळत होती. इथल्या जुन्या दगडी चाळीतल्या, म्हणजे टेनमेंटच्या, सामायिक जिन्याला आणि बोळाला 'क्लोज' म्हणतात हे तिला कुठून ठाऊक असणार? बाई म्हणाल्या, "ही तिच्या इंग्रजीची चूक नाही, ती या गावात नवी आहे एवढंच यावरून कळतं. वाचनाच्या चाचणीत कधी कधी आपण भाषा मोजतोय की त्या जागेची माहिती, हे परीक्षकानंही तपासायला हवं."

दुसरा कागद ऐकण्याचा. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात बातम्या देतात तसं स्वच्छ, सावकाश बोलणं. त्यात भाची उत्तम. दुसऱ्या भागात दोन ग्लासगोकर आपसांत बोलतात तसं बोलणं. तिथे निम्म्याहून कमी. दोघं कधी भेटणार आहेत, या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, "पाच नंबरच्या मागे." ध्वनिफितीत शब्द होते 'बॅक ऑफ फाइव्ह'. इकडे त्याचा अर्थ पाच वाजून गेल्यावर लगेच! बहीण हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईंनी जे समजावलं ते आम्हांला तेहतीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर ईस्टरहाऊसची फेरी वाचली असती. वाचताना वेग आपल्या हातात असतो. अडलं तर मागे जाता येतं, आणि दोन शब्दांमध्ये छापणाऱ्यानं मोकळी जागा सोडलेली असते. बोलणारा जागा सोडत नाही. शब्द एकमेकांना चिकटून येतात, वेग त्याच्या मर्जीवर, आणि गेलं ते गेलं. त्यात ग्लासगोत 'वॉटर'मधला ट घशातच गिळतात, 'हाउस'चं 'हूस' होतं, आणि 'हाऊ' म्हणजे कधी कधी 'का'. 'मेसेजेस आणायला' जाणारा माणूस निरोप आणायला नव्हे, वाणसामान आणायला निघालेला असतो. 'व्हेअर डू यू स्टे?' असं विचारलं तर मुक्काम किती दिवस हे सांगायचं नसतं, घर कुठे ते सांगायचं असतं. भाचीला हजारो शब्द डोळ्यांनी ओळखू येत होते. तेच शब्द कानांवर पडले की अनोळखी. त्यामुळे दोन्हींचे मार्क एकत्र करून 'इंग्रजी बरं आहे' असं म्हणण्यात काही अर्थ नाही. कुठे अडतंय तेच त्यात झाकलं जातं.

आमचं म्हणणं होतं, दोष आपल्या परीक्षांचा. आमच्या वेळी एसएससीचा इंग्रजीचा पेपर सगळा लेखी. ऐकण्याला कोण विचारतो? तेव्हा बाईंनी दुसऱ्या एका मुलाची हकिगत सांगितली, अर्थात नाव न घेता. चीनमधून आलेला, भाचीच्याच वयाचा. त्यांच्याकडे 'गाओकाओ' नावाची विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. इंग्रजीला १५० मार्क, त्यांतले बहुतेक प्रांतांत ३० नुसत्या ऐकण्याचे. म्हणजे ही मुलं शाळेत कानांना हेडफोन लावून वर्षानुवर्षं सराव करतात. तो मुलगाही स्वच्छ ध्वनिफितीत हुशार निघाला आणि ग्लासगोच्या संवादात भाचीसारखाच गडगडला. सराव होता, पण एकाच तऱ्हेच्या आवाजाचा. परीक्षेच्या खोलीतलं ऐकणं आणि बसस्टॉपवरचं ऐकणं यांत अंतर राहतंच. उलट वाचनात, आपल्या मुलीसारखाच, तो वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पुढे होता.

परतताना गाडीत कुणी बोलेना. पॉलोकशील्ड्स जवळ आल्यावर बहीण एकदम म्हणाली, "दादा, मलाही वॉर्डात निम्मं कळत नाही."

आम्ही चमकलो. ही मुलगी आयईएल्टीएस पास होऊन आलेली. ती परीक्षा काही लेचीपेची नाही. ऐकण्याचे चाळीस प्रश्न, ध्वनिफीत एकदाच वाजते. वाचनाचे चाळीस, त्यांना एक तास. नर्सना नऊपैकी ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत सात आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. ते सगळं पार केलेली आमची बहीण सांगत होती, "म्हातारे पेशंट बोलतात, मी 'येस' म्हणते आणि मग हळूच दुसऱ्या नर्सला विचारून येते. रोज घरी येताना वाटतं, आज काही चुकलं तर नाही ना?"

मागच्या सीटवरून भाची म्हणाली, "आई, मी पण तेच करते."

मंडळी, त्या क्षणी आम्हांला ती बस आठवली. बसमध्ये आमचं 'येस', वॉर्डात बहिणीचं 'येस', प्रयोगशाळेत भाचीचं 'येस'. 'समजलं नाही' म्हणायची लाज आमच्या घरात जणू वारशानं चालत आली होती. बसमध्ये त्या लाजेची किंमत एक तास. वॉर्डात आणि प्रयोगशाळेत ती किती झाली असती, याचा हिशेब नको वाटतो. आणि ज्या चाचणीनं ही गोष्ट उजेडात आणली असती, ती आमच्या सुंदर पत्रानं दोन महिने अडवून धरली होती.

पुढचं थोडक्यात. भाचीला आठवड्यातून दोनदा बाईंचा तास मिळाला. वर्गात पुढची जागा मिळाली, प्रयोगाच्या सूचना लेखी मिळू लागल्या. घरी स्कॉटिश रेडिओ लागला. बाईंनी एक नियम घातला : नुसतं 'येस' म्हणायचं नाही, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. बहिणीनं तोच नियम वॉर्डात लावला. तिला वाटलं होतं, लोक हसतील. ती सांगते की म्हाताऱ्या आता तिला मुद्दाम नवे शब्द शिकवतात. पुढच्या मे महिन्यात भाचीनं नॅशनल ५ ची परीक्षा दिली. इंग्रजीत 'बी' मिळाला. 'ए' मिळाला असता का? ते दोन महिने वाया गेले नसते तर कदाचित. हा 'कदाचित' आमच्या नावावर आहे.

आता उलट बाजू. हे सगळं घडल्यावर आपल्या रविवारच्या मराठी वर्गात आम्ही गुपचूप तसलीच चाचणी घेतली. इथे जन्मलेली मुलं. "पसारा आवर, हातपाय धू, पानावर ये" हे कुणी पाठीमागून पुटपुटलं तरी त्यांना कळतं. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं तर अक्षर अक्षर जुळवत दमछाक, आणि एका मुलीनं 'पान' म्हणजे झाडाचं पान असा अर्थ लावून विचारलं, "काका, पानावर बसायचं कसं?" भाचीच्या 'क्लोज'चीच ही मराठी बहीण! कुणी म्हणेल, 'या मुलांना मराठी येत नाही.' येतं की. कानांनी येतं, डोळ्यांनी येत नाही. म्हणून आता आपल्या वर्गात ऐकण्याचे आणि वाचण्याचे मार्क वेगवेगळे देतो, आणि ज्याचं जे कच्चं तेच घोटून घेतो.

तेव्हा नव्यानं आलेल्या मंडळींना विनंती. शाळेचं असं पत्र आलं तर ते अपमानाचं समजू नका. सही करा, जाऊन बसा, ऐकण्याचे आणि वाचण्याचे निकाल वेगळे मागा, चुकलेली उत्तरं बघायला मागा. एवढं केलंत की पुढचं शाळा आणि मूल मिळून पाहून घेतात. आणि पत्र लिहायची फारच हौस असेल तर या अंकाच्या संपादकांना लिहा.

परवाच भाचीचा फोन आला, "मामा, मी बॅक ऑफ फाइव्हला येते हं."

आम्ही सवयीनं "येस" म्हणणार होतो. तेवढ्यात सावरलो आणि म्हणालो, "म्हणजे पाच वाजून गेल्यावर लगेच, बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. आणि पाच वाजून सात मिनिटांनी दारात हजर.

पुढच्या अंकात भेटूच.