जुना वस्तरा : धार आणि विवेक

मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. भदंत इंदरखित यांनी लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याचे तो सांगतो. जैन साधूंना वस्तरा लागत नाही; केशलोच हाच त्यांचा आचार. वस्तरा हे गृहस्थाचे साधन आहे, म्हणून त्याच्या खरेदीतील विवेकही गृहस्थालाच करावा लागतो.

१९०४ मध्ये अमेरिकेत किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या दाढीयंत्राचे पेटंट मिळाले. तत्पूर्वी घडीचा वस्तरा हेच दाढीचे मुख्य साधन होते. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही शहरे त्यासाठी प्रसिद्ध. लोणावळा-खंडाळ्यातील जुन्या घरांची आवराआवर होताना किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा वस्तरा आजही हाती लागू शकतो. वरवरचा गंज निघतो. परंतु गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील, धारेला चीर असेल किंवा पात्याची पाठ एका बाजूने अधिक झिजली असेल, तर तो घेऊ नये.

खरी परीक्षा मुठीची असते. जुन्या मुठी हस्तिदंताच्या, शिंगाच्या, कासवाच्या पाठीच्या, लाकडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पुढील दुरुस्त्यांनी भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद केला; तेव्हा तो प्रश्न कायद्यानेच मिटतो. शिंगाविषयी मात्र युक्तिवाद होतो, की प्राणी केव्हाच गेला, आज घेण्यात हिंसा कोणती? जैन विचार कृत आणि कारित यांवर थांबत नाही. तो अनुमोदनाही मोजतो. हौसेने मोजलेला पैसा त्या वस्तूची प्रतिष्ठा वाढवतो, आणि प्रतिष्ठेमागून मागणी येते. म्हणून लाकडी मुठीचा वस्तरा निवडावा. सेल्युलॉइड घासल्यावर कापराचा वास येतो. ते कुजू लागले की त्याच्या आम्लाने पाते गंजते. अशी मूठ काढून शिसवीची बसविता येते.

दुरुस्तीला घाई चालत नाही. पात्याला तेल लावून गंज मऊ करावा, मग अतिबारीक पॉलिश कागदाने तो हलकेच काढावा. यंत्राच्या सहाणेवर पाते धरू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही पथरीला टेकवून पाते धारेच्या दिशेने पुढे न्यावे. पथरी क्रमाने बारीक होत जावी. शेवटी पट्ट्यावर पाते उलट, पाठीच्या दिशेने फिरवावे. हा पट्टा चामड्याचाच हवा असे नाही. ताणलेल्या जाड सुती कापडावरही धार उत्तम बसते. वापरापूर्वी पाते निर्जंतुक करावे आणि वस्तरा एकाच व्यक्तीने वापरावा.

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील दमट हवेत ओले ठेवलेले पाते लवकर गंजते. दाढीनंतर ते पुसून, खनिज तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावे. एवढी निगा रोज राखली, तर एकच पाते जन्मभर पुरते आणि पाती विकत घेऊन टाकण्याचा क्रम थांबतो. मात्र एक वस्तरा नीट झाल्यावर दुसऱ्याचा शोध सुरू झाला, तर काटकसरीचे रूपांतर परिग्रहात झाले असे समजावे.