गुलाबी पानांऐवजी

फेब्रुवारीचा अंक म्हटला की प्रेम आलंच. आम्ही मात्र सुरुवात वरोऱ्यापासून करतोय. तिथं गटाराकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आमटे आधी घाबरून पळाले होते. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून मला ते जास्त भावतं. मग परतले, त्याची शुश्रूषा केली. पुढे कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहिलं. नंतर बाबांचा मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी हे डॉक्टर जोडपं गडचिरोलीतल्या हेमलकशाला गेलं. त्यांना तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकावी लागली. नाहीतर कुठं दुखतं, हे विचारणार कसं? संसारही तिथंच झाला. (भेटकार्डावर हे मावायचं नाही.) अंकातला पहिला लेख आनंदवनात रोगमुक्त झालेल्यांनी थाटलेल्या संसारांवर आहे, तिथंही भांड्याला भांडं लागतंच.