वेगाचा भुर्दंड कोणावर?
विजेच्या मोटारीचे अर्थकारण शेवटी पार्किंगच्या जागेपाशी येऊन अडते. घरच्या ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर ३० युनिटांची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. लागेनात! गाडी रात्री उभीच असते. रस्त्यावरचा ५० किलोवॉटचा चार्जर तासाभरात काम उरकतो (८० टक्क्यांनंतर तोही रेंगाळतो), पण यंत्राचा आणि जागेचा खर्च दरात चढतो. वर कर आहेच. २०१९ पासून या मोटारींवर जीएसटी ५ टक्के, घरगुती विजेवर काहीच नाही. सार्वजनिक चार्जिंग मात्र ‘सेवा’ म्हणून १८ टक्क्यांत. कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये तसाच निर्वाळा दिला. म्हणजे बंगलेवाल्याला करमुक्त वीज आणि गिरगावात गल्लीत गाडी लावणाऱ्याला करासकट. मोटारीवरची सवलत त्याच्याकडून युनिटामागे हप्त्याहप्त्याने परत घेतली जाते.