डोंगर सगळ्यांचा, मग पायवाट कुणाची?



मागच्या आठवड्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मित्राने व्हिडिओ टाकला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये होणारी 'अल्ट्रा-ट्रेल' शर्यत. १०० किलोमीटर धावायचे, तेही चार हजार मीटरच्या वर चढ असलेल्या वाटेने. एका बाजूला अटलांटिक समुद्र, दुसऱ्या बाजूला टेबल माउंटनचा कडा. खाली मित्राने लिहिले होते, "डोंगराला जात नसते, रंग नसतो. इथे फक्त पायातली ताकद चालते." भराभर अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही. मित्र मनाचा चांगला आहे, पण हे वाक्य फसवे आहे. आपल्याच पोरांनी ते टाळ्या वाजवून स्वीकारावे, हे मला बोचले.

ही शर्यत २०१४ पासून होते. तिचा बराचसा मार्ग टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानातून जातो. हे उद्यान १९९८ साली जाहीर झाले. पण पायवाटांचा इतिहास १९९८ ला सुरू होत नाही. तिथले मूळनिवासी खोई लोक या पर्वताला 'होरीक्वाग्गो' म्हणत, म्हणजे समुद्रातला पर्वत. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान फान रिबेक तिथे उतरला. खोईंची गुरे पिढ्यानपिढ्या चरत होती ती जमीन कंपनीने घेतली आणि १६६० साली खोईंना बाहेर ठेवण्यासाठी रानबदामाचे कुंपण लावले. त्या कुंपणाचा काही भाग आजही कर्स्टनबॉशच्या वनस्पती उद्यानात जिवंत आहे. वारसा म्हणून जपलेला आहे! माणसे हाकलली, कुंपण जपले. आपल्या गावांची वेस आठवा, म्हणजे वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

याच कर्स्टनबॉशच्या शेजारी प्रोटिया व्हिलेज नावाची वस्ती होती. तिथले कित्येक जण त्या बागेतच राबत. १९६० च्या दशकात 'ग्रुप एरियाज' कायद्याखाली ती वस्ती उठवली. बाग राहिली, माळी गेले. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स हा डोंगराच्या पायथ्याचा भाग 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर झाला. साठ हजारांहून अधिक माणसे उचलून केप फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकली. आज शर्यतीत दिसणारे ते सुंदर किनारे घ्या. १९५३ च्या कायद्याने किनाऱ्यांवरही रंग पाहून पाट्या लागल्या. समुद्रात कुणी पाय भिजवायचा हे सरकार ठरवत होते, आणि किनारे सगळ्यांना खुले व्हायला १९८९ उजाडावे लागले. पाण्यावरचा पहारा आपल्याला नवा आहे का? १९२७ चे चवदार तळे विसरलात?

आता धावण्याचेच बघा. डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधली 'कॉम्रेड्स' ही त्या देशातली सर्वांत नावाजलेली लांब शर्यत, सुमारे नव्वद किलोमीटरची. १९३५ साली रॉबर्ट मत्शाली हा काळा धावपटू ती पूर्ण धावला. पण त्याची अधिकृत नोंद नाही, पदक नाही. पायात ताकद होती, छातीवर क्रमांक नव्हता. काळ्यांना आणि स्त्रियांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. सॅम त्शाबालाला पहिला काळा विजेता ठरला १९८९ साली. पीटरमारित्झबर्ग म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकाला फक्त रेल्वेच्या डब्यातून उतरवलेले एक बॅरिस्टर आठवतात. त्याच शहराच्या रस्त्यावर धावलेला मत्शाली कुणी शिकवत नाही.

"पण आता वर्णभेद संपला ना? १९९४ ला निवडणूक झाली. प्रवेश फी भरा आणि धावा, कोण अडवतो?" हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. हाच प्रश्न आपल्याला आरक्षणाबद्दल रोज विचारतात, म्हणून त्याचे उत्तर नीट देऊ.

कायदा गेला, पण कायद्याने नेऊन टाकलेली माणसे तिथेच आहेत. ज्याचे घर डोंगराच्या पायथ्याशी, तो पहाटे उठून दारातून सराव सुरू करतो. ज्याच्या आजीला केप फ्लॅट्सवर फेकले, त्याला आधी डोंगरापर्यंत यायलाच भाडे लागते. वर बूट, डोक्यावरचा दिवा, पाण्याची पिशवी, सुट्टी, पोटभर सकस अन्न. आणि शर्यतीच्या दिवशी दोघांचे घड्याळ एकाच रेषेवर सुरू होते! तीन पिढ्यांचे अंतर कापून जो त्या रेषेपर्यंत पोहोचला, त्याचे ते अंतर कोणत्याच घड्याळात मोजले जात नाही. निकालाला मग म्हणतात मेरिट.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. उद्यान नसते तर तिथे बंगले उभे राहिले असते, हे खरे आहे. तिथली फिनबॉस वनस्पती जगात इतरत्र नाही, ती टिकलीच पाहिजे. माझे भांडण झाडाशी नाही. निसर्ग वाचवण्याचे बिल दर वेळी गरिबाच्या नावावर का फाटते, हा माझा प्रश्न आहे. शर्यतीच्या वाटेवर हाउट बे लागते. तिथे डोंगराच्या एका अंगाला हँगबर्ग ही मच्छीमारांची वस्ती आहे. सप्टेंबर २०१० मध्ये आग रोखण्यासाठी राखलेल्या मोकळ्या पट्ट्यातल्या झोपड्या पाडायला पोलीस आले, रबरी गोळ्या चालल्या, काही जणांचे डोळे कायमचे गेले. त्याच खाडीच्या दुसऱ्या बाजूला इमिझामो येथू. मार्च २०१७ च्या आगीत तिथल्या दोन हजारांहून अधिक झोपड्या जळाल्या. इतकी माणसे इतक्या चिंचोळ्या जागेत का कोंबली गेली, हे विचारायला नको?

आपल्याकडे हे घडत नाही असे समजू नका. महानगराच्या पोटात राष्ट्रीय उद्यान असलेले आपले शहर म्हणजे मुंबई. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. १९९५ पूर्वीचा पुरावा दाखवा, सात हजार रुपये भरा, मग पुनर्वसनाचा विचार. हातावर पोट असलेल्याने कुठून आणायचे? याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिक्खूंनी कातळात पाण्याची टाकी खोदली. बुद्धाच्या वारशापर्यंत जायलाही आज आपण तिकीट काढतो आणि त्याच जंगलातल्या पाड्यांवरचा आदिवासी स्वतःच्या घरात अतिक्रमणकर्ता ठरतो.

आणि आपली पोरे धावत नाहीत का? मी ज्या वस्तीत काम करतो, तिथली पोरे पहाटे साडेचारला धावतात. डोंगर नाही, समुद्र नाही. नाल्याकाठचा डांबरी रस्ता, ट्रकचा धूर, पायात भावाचे जुने बूट. कशासाठी? पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी. २०१४ साली मुंबईत अशाच भरतीच्या चाचणीत धावताना तरुणांचे जीव गेले. एक वर्ग छंद म्हणून शंभर किलोमीटर धावतो आणि वाटेत त्याच्यासाठी पाणी, फळे, डॉक्टर उभे असतात. दुसरा वर्ग नोकरीसाठी सोळाशे मीटर धावतो आणि उन्हात रांगेत कोसळतो. त्याच्या ताकदीचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग काय, शर्यतीवर बहिष्कार? मुळीच नाही. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याशिवाय आपण मरणार नव्हतो. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला बाबासाहेब तिथे गेले. १९२४ चा वायकोमचा सत्याग्रह तर रस्त्यासाठीच होता, मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. चालणे हा आपल्यासाठी हक्काचा प्रश्न होता आणि आहे. आनंदासाठी धावणे हाही हक्क आहे. आपल्या पोरींनी, पोरांनी सह्याद्रीत धावावे, केपटाऊनलाही जावे. पण जाताना इतिहास सोबत न्यावा.

२००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला, तेव्हा भारत सरकारने 'जात म्हणजे वंश नव्हे' म्हणून तो विषय अडवला. निदान आपण तरी तिथल्या काळ्या माणसाचा डोंगर निसर्गदृश्य म्हणून पाहू नये.

म्हणून ग्रुपवरच्या मित्राला एवढेच सांगतो. दादा, डोंगराला जात नसते हे कबूल. पण डोंगराच्या पायथ्याशी कोण राहील, हे जातीने आणि रंगाने ठरवले आहे. पुढचा व्हिडिओ टाकशील तेव्हा पायथ्यापासून सुरू कर. आणि रविवारी पहाटे साडेचारला नाल्याकाठी ये. पोरांना तुझ्यासारख्या धावणाऱ्याची, आणि जमले तर चार जोडी बुटांची गरज आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!