काड्या नकोत, आकडा द्या

वायफाय नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन कुठेही जा, आधी तुमचाच दोष काढला जातो. राउटर बंद करून चालू केलात का? फोन रीस्टार्ट केलात का? नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाकलात का? भिंत जाड असेल. तुम्ही लांब बसत असाल. फोन जुना झाला असेल. या सगळ्या सरबत्तीत एक प्रश्न कधीच येत नाही: तुमच्या फोनला सिग्नल नेमका किती मिळतोय? तो कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर देता येईल असं काही तुमच्या स्क्रीनवर ठेवलेलंच नाही. तिथे वायफायसाठी तीन-चार कमानींचा एक पंखा आहे आणि मोबाइलच्या रेंजसाठी चार-पाच काड्या. माझं म्हणणं असं की ही चित्रं आपल्याला काही कळावं म्हणून नाहीत, आपण जास्त विचारू नये म्हणून आहेत. स्क्रीनवर, फोनच्या खोक्यावर आणि दुरुस्तीच्या टेबलावर खरा आकडा मिळत नाही, तोवर कमकुवत वायफायचं खापर आपल्याच डोक्यावर फुटत राहणार आणि त्याचे पैसेही आपणच भरत राहणार.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू, कारण तो मुळीच अवघड नाही. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. वायफायचे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. राउटरच्या शेजारी बसलात तर उणे ३५-४० दिसेल. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल सहसा सुरळीत चालतो. उणे ८० ला फोन जोडलेला दिसतो, पण पान उघडता उघडत नाही. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी होते, १० ने घसरला की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांच्यात १००० पट फरक आहे.

हा १००० पटींचा फरक आपल्याला दोन-तीन कमानींत गुंडाळून मिळतो. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये उणे ५५ किंवा त्याहून चांगलं जे काही असेल ते सगळं ‘पूर्ण’ धरलेलं आहे. फोन बनवणारी कंपनी हव्या तिथे या रेघा सरकवू शकते. तीन कमानी म्हणजे किती, याचा सर्वांना बांधील असा कुठलाही नियम नाही. त्यामुळे ‘तुझ्या फोनला फुल आहे, माझ्या फोनला दोनच’ या रोजच्या वाक्याला काही अर्थ नसतो. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेलं कापड आपण एकमेकांना दाखवत असतो.

शिवाय कमान सांगते फक्त एकाच बाजूची गोष्ट: फोनला राउटर किती ऐकू येतोय. राउटरला फोन किती ऐकू येतोय, हे ती सांगत नाही. वायफायमध्ये बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. एकाने पाठवलेलं मिळालं की दुसऱ्याने पोच द्यावी लागते. राउटरला भिंतीतली वीज आहे, त्याचे अँटेना चांगले बोटभर लांब आहेत. फोनला इवलीशी बॅटरी जपायची असते आणि त्याचा अँटेना कडेच्या चिंचोळ्या जागेत कोंबलेला असतो. म्हणून असं होतं की कमानी भरलेल्या दिसतात आणि तुमचा मेसेज मात्र घड्याळाच्या चिन्हावर अडकून बसतो. तीच गोष्ट गर्दीची. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका इमारतीत वीस-पंचवीस राउटर याच तीन ओळींत उभे असतात. सिग्नल जोरात, पण बोलायला पाळी येत नाही. पंखा तेव्हाही भरलेलाच.

हे चित्र खोटं असू शकतं, हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. फोन बनवणाऱ्यांनीच ते कबूल केलेलं आहे. जून २०१० मध्ये आयफोन ४ बाजारात आला. त्याच्या कडेची स्टीलची पट्टी हाच अँटेना होता. पट्टीचा एक तुकडा वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएससाठी, दुसरा मोबाइल नेटवर्कसाठी, आणि दोन्हींमध्ये डाव्या बाजूला खाली एक बारीकशी फट. डाव्या हातात फोन धरला की तळवा नेमका त्या फटीवर यायचा, दोन्ही अँटेना कातडीने जोडले जायचे आणि रेंज घसरायची. तक्रार करणाऱ्या एका ग्राहकाला स्टीव्ह जॉब्सने ईमेलवर जे उत्तर दिलं त्याचा अर्थ होता, तसा धरू नका. २ जुलैला अ‍ॅपलने जाहीर पत्र काढलं. त्यात म्हटलं होतं की काड्या मोजण्याचं आपलं सूत्रच साफ चुकीचं होतं आणि पुष्कळदा फोन असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता. मग सॉफ्टवेअर अपडेट आला. त्यात सूत्र बदललं, आणि पहिल्या तीन काड्यांची उंचीही वाढवली. १६ जुलैला पत्रकार परिषद घेऊन कंपनीने फुकट कव्हर वाटायचं जाहीर केलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात तडजोड झाली: १५ डॉलर किंवा एक कव्हर.

या प्रकरणावर तेव्हा भरपूर विनोद झाले. पण त्यातली खरी गोष्ट विनोदात वाहून गेली. जगातल्या सगळ्यात बोलबाला असलेल्या फोनवरच्या काड्या चुकत होत्या, आणि ते बाहेर पडलं ते अँटेनाची फट उघड्यावर होती म्हणून. फट आत असती तर? आजही अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये मोबाइल नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्यांसाठी एक सेटिंग आहे. ते चालू केलं की मोजलेल्या पातळीत सरळ एक काडी मिळवून दाखवली जाते. वाण्याने तागडीखाली चिंच लावली तर आपण वजनमाप खात्याकडे जातो. इथे चिंच लावण्याची सोय कोडमध्येच आहे, आणि तिला तागडी म्हणतात.

आता हाताबद्दल. फोन कसा धरायचा हे सांगणाऱ्यांचं भौतिकशास्त्र चूक नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. आपला हात म्हणजे बराचसा खारट पाणी. तो या लहरी शोषतो आणि जवळ आला की अँटेनाचा सूरही बिघडवतो. फोन आडवा धरून गेम खेळताना दोन्ही टोकं तळव्यांत झाकली जातात, आणि बऱ्याच फोनचे अँटेना नेमके टोकांकडे असतात. गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी फोनच्या पाठीला लोखंडी चकती चिकटवली तर तीही आड येऊ शकते. पण फोन ही हातात धरायचीच वस्तू आहे. हात ही अडचण असेल तर ती डिझाइन करणाऱ्याची आहे. पावसात गळणारी छत्री विकून ‘पावसात नेऊ नका’ सांगणाऱ्याला आपण दुकानदार म्हणणार नाही.

दुरुस्तीच्या टेबलावरचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी फोनची बॅटरी बदलून घेतली. घरी आलो तर वायफाय राउटरच्या शेजारी चालायचं आणि खोलीच्या दाराशी गेलं की तुटायचं. परत गेलो. पहिल्यांदा सांगितलं, सॉफ्टवेअर अपडेट करा. दुसऱ्यांदा, तुमचा राउटर बघून घ्या. तिसऱ्यांदा, मदरबोर्ड बदलावा लागेल; आणि जो खर्च सांगितला त्यात थोडी भर घातली असती तर नवा फोन आला असता. तसं त्यांनी सुचवलंही, हप्त्यांच्या कागदासकट. शेवटी मी स्टेशनजवळच्या एका मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने फोन हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “राउटरला चिकटून चालतंय आणि लांब गेलं की जातंय ना? मग आयसी नाय दादा, अँटेना.” फोन उघडला. बोर्डावरची जी छोटी स्प्रिंगची पत्ती अँटेनाला टेकायला हवी, ती बॅटरी बदलताना वाकली होती. त्याने चिमट्याने ती उचलली, मागचं झाकण दाबून बसवलं. दहा मिनिटं, दोनशे रुपये.

त्या मुलाने कुठलीही जादू केली नाही. चिप ठीक असेल आणि अँटेनाशी तिचा सांधा सुटला असेल, तर जवळून ऐकू येतं आणि लांबून नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. सर्व्हिस सेंटरमधल्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्या कामाची घडी अशी बसवलेली असते की पत्ती सरळ करण्याला तिथे रकाना नाही. बोर्ड बदलण्याला आहे. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. स्टेशनजवळच्या त्या मुलाला बोर्डाचा नकाशा आणि सुटा भाग सरळ मार्गाने मिळेल, तेव्हा मी त्याला हक्क म्हणेन. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन विकणाऱ्यांवर बंधन आहे की विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. आपल्या बाजारात तेच फोन विकताना हे का जमू नये?

पण युरोपच्या त्या नियमातही एक भोक आहे. फोनसोबत तिथे जे लेबल द्यावं लागतं त्यात बॅटरी किती टिकते, पडल्यावर काय होतं, दुरुस्तीला किती सोपा आहे हे सगळं असतं. अँटेना किती चांगला आहे, हे नसतं. बोलण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ऐकू किती येतं, एवढंच सांगायचं राहून जातं! आपल्याकडे कुठल्याही फोनवर *#०७# डायल केलं की एसएआर, म्हणजे शरीर किती ऊर्जा शोषतं तो आकडा दिसतो, मर्यादा १.६ वॅट प्रति किलो. तो दाखवायला लावता येतो, मग अँटेनाचा का नाही? तो मोजता येत नाही असंही नाही. कृत्रिम हात आणि डोकं वापरून, खास बंद खोलीत, फोन किती फेकतो आणि किती क्षीण आवाज ऐकू शकतो हे मोजण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातल्या गर्ट फ्रोलुंड पेडरसन यांनी २०१६ मध्ये बाजारातले लोकप्रिय फोन असेच तपासले. ती तपासणी मोबाइल नेटवर्कची होती, वायफायची नव्हे. पण फोनाफोनांत मोठा फरक निघाला, आणि डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा निकालही वेगळा आला. किमतीवरून किंवा खोक्यावरून हे कोणालाच कळलं नसतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापणाऱ्यांना हा एक आकडा छापायला जागा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सामान्य माणूस आकड्यांनी गोंधळेल. मला या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घराघरात ऑक्सिमीटर आला आणि शाळा अर्ध्यात सोडलेल्या आज्यांनाही आठवड्याभरात कळलं की ९४ च्या खाली गेलं तर डॉक्टरांना फोन लावायचा. आपण शुगर वाचतो, बीपी वाचतो, वीजबिलातली युनिट वाचतो. दुसरं उत्तर असतं की रेंज जागेवर अवलंबून असते, मग एका आकड्याला काय अर्थ? मायलेजही रस्त्यावर अवलंबून असतं. तरी पुण्याच्या एआरएआयचा आकडा आपण गाडी घेताना विचारतोच, आणि रस्त्यावर त्याहून कमी मिळणार हे धरूनच विचारतो. तुलना करायला एक ठरलेली पट्टी लागते, एवढंच.

तोवर निदान आपल्या फोनमधला आकडा बाहेर काढा. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, सप्तपदीच ती, मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘वायफाय व्हर्बोज लॉगिंग’ चालू केलं की बहुतेक फोनमध्ये वायफायच्या यादीत प्रत्येक नावाखाली आकडा दिसू लागतो. आयफोनवर अ‍ॅपलचंच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ फुकट मिळतं. सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. मग एकाच जागी, एकाच राउटरच्या एकाच बँडवर, दोन फोन शेजारी ठेवून पाहा. दोघांचाही आकडा वाईट असेल तर फोनला दोष देऊ नका. राउटर दारावरून, टीव्हीमागून, लोखंडी कपाटाच्या आडून काढून घराच्या मध्यावर उंच ठेवा. दोन्ही चांगले आणि तरी नेट रखडत असेल तर चॅनल बदला किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा (नावापुढच्या ‘५जी’चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही), आणि मग फायबरवाल्याला फोन लावा. तुमचाच फोन कव्हर, चकती काढूनही दर वेळी १०-१५ ने मागे असेल, तर अँटेनाचा संशय घ्या. अलीकडे तो उघडला गेला असेल, पडला असेल, तर नक्कीच घ्या. आणि त्या आकड्याचा स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवा. ‘वायफाय स्लो आहे’ म्हणणाऱ्याला परत पाठवता येतं. ‘याच जागी त्याला उणे ५५ आणि मला उणे ७५, म्हणजे शंभरावा हिस्सा’ म्हणणाऱ्याला परत पाठवणं जड जातं.

हे मी गॅझेटच्या हौसेपायी सांगत नाही. परीक्षेचे फॉर्म, नोकरीच्या मुलाखती, दवाखान्याच्या वेळा, बँकेचे ओटीपी आता याच पंख्याखालून जातात. मुलाखतीत चेहरा गोठला तर समोरचा अँटेनाला नापास करत नाही, मुलीला करतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नवा फोन घेऊन सुटतो. ज्याचे आधीच्या फोनचे चार हप्ते बाकी आहेत, त्याला आपण रीस्टार्ट करायला सांगतो. त्याला हवा आहे तो आकडा त्याच्याच खिशात, त्याच्याच पैशांनी घेतलेल्या फोनमध्ये, सात टिचक्यांच्या कुलपामागे पडून आहे. कुलूप काढा. खोक्यावर छापा. आणि पत्ती सरळ करणाऱ्या हाताला बोर्डाचा नकाशा द्या.